शेडमधला दुसरा माणूस

वाघमारे काका फाइलीत शिरण्याआधी दार वाजवायचे.

फाइल म्हणजे पुठ्ठ्याची, नाडी बांधलेली नव्हे हो. संगणकावरची, चौघांनी चार ठिकाणी बसून एकाच वेळी लिहायची. तिला दार नाही, कडी नाही. लिंक दाबली की माणूस थेट आत. पण काका आले की सगळ्यात वरच्या ओळीवर अक्षरं उमटायची, ‘टक टक. आत येऊ का? वाघमारे, खडकी.’ आणि आतलं कुणी ‘या’ असं लिहीपर्यंत ते तिथेच थांबायचे. म्हणजे त्यांचा कर्सर थांबायचा. हिरवी उभी रेघ आणि तिच्या डोक्यावर त्यांच्या नावाची पाटी. मी वारज्यात, ते खडकीत, मध्ये अख्खं पुणं. पण वयस्कर माणूस दाराशी तिष्ठत उभा आहे असं वाटून मला घाईघाईने ‘या, या काका’ लिहावं लागायचं.

आमच्या गटातल्या प्रमोदने एकदा वैतागून लिहिलं, ‘दार उघडंच आहे. फक्त चप्पल बाहेर काढा.’ दुसऱ्या दिवशी वरच्या ओळीवर होतं, ‘टक टक. आत येऊ का? वाघमारे, खडकी. चप्पल काढली आहे.’ यात थट्टा किती आणि शिस्त किती, ते आम्हाला बरेच दिवस कळलं नाही.

आता हा गट कुठला, ते सांगते. मी बालवाडीची बाई. बारावीनंतर लग्न झालं आणि मग पोरं, सासूसासरे, डबे यांत कॉलेज राहिलं ते राहिलंच. धाकटा इंजिनिअरिंगला गेला तेव्हा मी दूरशिक्षणातून बी.ए.ला नाव घातलं. शेवटच्या वर्षाला आले आणि आमच्या संस्थेच्या मोठ्या बाईंनी बोलावून सांगितलं, “शिंदे बाई, नवी शाखा काढतोय. यंदा पदवी हातात आली तर ती तुमच्याकडे. नाही आली तर मला बाहेरून कुणीतरी घ्यावं लागेल, माझा नाइलाज आहे.” त्यामुळे ते वर्ष मला काही झालं तरी पार पाडायचं होतं.

आमच्या अभ्यासकेंद्राला करोनाच्या काळात ऑनलाइनची जी गोडी लागली ती नंतरही सुटली नाही. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प गटाने करायचा, सगळ्यांनी एकाच सामायिक फाइलीत लिहायचा, असा फतवा निघाला. कोण कधी आत आलं, कुणी किती लिहिलं, हे सगळं केंद्राला दिसणार, आणि सहकार्याला वेगळे गुण. विषय मिळाला ‘आपल्या भागातला बदलता बाजार’, आणि एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या चौघांची मोट बांधली गेली.

वारज्याची मी. बुधवार पेठेत इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांचं दुकान चालवणारा प्रमोद. गिऱ्हाइकाने परत येऊ नये एवढ्यासाठीच तो गिऱ्हाइकाशी बोलतो, असं त्याची बायको म्हणते. तिसरी रुचा, अमरावतीहून नोकरीसाठी आलेली, हिंजवडीच्या कंपनीत कामाला. “ग्रॅज्युएशन कंप्लीट नाही ना, म्हणून टीम लीड नाही करून राहिले मले,” हे तिचं दुःख. आणि चौथे वाघमारे काका, खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यातून तपासनीस म्हणून निवृत्त झालेले.

पहिल्या व्हिडिओ बैठकीला काका गळ्यापर्यंत बटण लावलेला इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते, आणि त्यांचा उजवा हात वर होता. “काका, बोलायचं असलं की स्क्रीनवर हाताचं चिन्ह दाबायचं,” रुचाने शिकवलं. काकांनी ते दाबलं आणि स्वतःचा हातही वरच ठेवला. “दोन्ही असू द्या. एक बंद पडलं तर दुसरं उपयोगी येईल.” मग कारखान्याच्या फाटकावर झडती द्यावी तसे त्यांनी खिसे उलटे करून दाखवले. “काडेपेटी नाही, विडी नाही, मोबाइल नाही.”

“काका, तुम्ही मोबाइलवरूनच तर बोलून राहिले!”

“हा कामाचा. खाजगी दुसऱ्या खोलीत ठेवला आहे.”

मध्येच पाणी प्यायला ते उठले तेव्हा पायांतले पॉलिश केलेले बूटही दिसले. घरात! प्रमोदने आपला कॅमेरा हळूच बंद केला. तो बनियनवर होता.

काकांच्या लेखी आमची फाइल ही शेड होती. शेड म्हणजे कारखान्यात जिथे दारू भरायचं काम चालतं ती जागा, आणि शेड म्हटली की नियम आलेच. पहिला नियम त्यांनी त्याच बैठकीत सांगितला. “शेडमध्ये एकट्याने काम करायचं नाही. एक काम करील, दुसरा हजर राहील.”

“दुसऱ्याने काय करायचं?” मी विचारलं.

“काही नाही, बाई. हजर राहायचं.”

“काका, फाइलीत स्फोट होत नाहीत,” प्रमोद म्हणाला.

“आमच्याही शेडमध्ये झाला नाही,” काका म्हणाले. 

मग कामाला सुरुवात झाली आणि आमच्या लक्षात आलं की या माणसाला काहीही पुसायचं म्हटलं की जिवावर येतं. कारखान्यात म्हणे मोडका खिळासुद्धा सही झाल्याशिवाय बाहेर जात नाही. त्यामुळे फाइलीच्या तळाशी काकांनी ‘भंगार’ असा मथळा दिला, आणि कुणाच्याही मजकुरातून काढलेलं सगळं तिथे मालकाच्या नावासकट जमा व्हायला लागलं. ‘रुचा मॅडम, आपले दोन स्वल्पविराम आणि एक बेसिकली भंगारात जमा केले आहेत. हरकत असल्यास कळवावे.’ रुचाने खाली लिहिलं, ‘बेसिकली काहीच हरकत नाही.’ थोड्या वेळाने पाहिलं तर तोही बेसिकली भंगारात गेला होता.

प्रत्येक परिच्छेदाच्या कडेला काकांचा शेरा असायचा, ‘पास’ किंवा ‘फेरतपासणी’. प्रमोदने लिहिलं होतं, ‘आमच्या गल्लीत सगळं मिळतं.’ शेरा आला, ‘सगळं म्हणजे काय काय? फेरतपासणी.’ प्रमोदने चिडून लिहिलं, ‘रॉकेट सोडून सगळं.’ संध्याकाळी वाक्य दुरुस्त झालेलं होतं : ‘आमच्या गल्लीत रॉकेट वगळता सगळं मिळतं.’ आणि कडेला ‘पास’. ते वाक्य तसंच्या तसं केंद्राकडे गेलं, कुणालाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी लिहिलं, वारज्यात पूर्वी शेतं होती. काका म्हणाले, ‘कुणी पाहिली? साक्षीदार द्यावा.’ आता हे म्हणजे अतीच झालं. पण फेरतपासणीचा शेरा डोळ्यांत खुपतो हो. मी आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना विचारलं. त्या म्हणाल्या, “अवं ताई, मीच तर मेथी लावायची हितं. आता तितं तुमच्या सोसायटीचं पार्किंग हाय.” मी ते लिहिलं. काकांनी ‘पास’ केलं आणि खाली आणखी एक ओळ टाकली, ‘त्या ताईंना माझा नमस्कार सांगावा.’ मी सांगितला. मावशींनी काकांसाठी मेथीची जुडी दिली, ती अर्थात माझ्याच घरी शिजली.

दुपारी बालवाडीची पोरं घरी गेली की मी तिथल्याच ऑफिसात लिहायला बसायची. मी फाइल उघडली की थोड्याच वेळात टक टक. मी ‘या’ म्हणायची. काका काही लिहायचे नाहीत. हिरवी रेघ वरच्या ओळीवर आपली उभी. मी तासभर खरडत बसले तरी ती उभी, आणि मी ‘निघते काका’ लिहिलं की खाली ‘बरं. सावकाश जा’ असं यायचं आणि रेघ दिसेनाशी व्हायची. जायचं कुठे, तर मला नुसतं लॅपटॉप मिटून चहा करायचा असायचा.

सुरुवातीला मला याचा भयंकर राग यायचा. पाळत ठेवतात की काय, असं वाटायचं. प्रमोद आणि रुचा बसले तरी तोच प्रकार. प्रमोदने तर विचारलंच, ‘काका, काही लिहिताय की नुसते दिसताय?’ ‘नुसता आहे,’ असं उत्तर आलं. मग हळूहळू सवय झाली. एका दुपारी मी आत आले आणि बराच वेळ टक टक झालीच नाही, तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी तेच वाक्य पुन्हा पुन्हा लिहून खोडते आहे. त्या दिवशी काही म्हणता काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी वर लिहिलेलं होतं, ‘काल आमच्याकडे वीज नव्हती. आपण एकट्याच होता. क्षमस्व.’

प्रकल्प लिहून संपला. आता तो केंद्राकडे सोपवायचा, तर चौघांनीही आपापलं ‘मान्य’चं बटण दाबायचं होतं. चौथ्याने दाबलं की फाइलीला कुलूप. मग ती वाचता येईल, तिच्यात लिहिता येणार नाही. आम्ही तिघांनी बटणं दाबली. काकांनी दाबलं नाही.

‘गर्दी हा शब्द दोनदा आला आहे. फेरतपासणी.’ आम्ही एक गर्दी हटवली. मग खडकीच्या बाजाराची सुटी मंगळवारी की सोमवारी, याची शंका निघाली. ती फिटली तर काकांनी भंगारातले स्वल्पविराम पुन्हा तपासायला घेतले. म्हणाले, घाईत काही चांगला माल गेला असेल. मुदत संपायला एक दिवस उरला. रुचा फोनवर रडायला लागली. “शिंदे ताई, हे काका काहून असं करून राहिले? वर्ष जाईल ना माझं!” प्रमोद म्हणाला, “बाई, तुम्ही जाऊन या खडकीला. मी गेलो तर भांडण होईल, आणि गिऱ्हाइक नसलेल्या माणसाशी मी फुकट भांडत नाही.”

माझ्या डोळ्यांसमोर ती नवी शाखा होती. रंगवलेल्या भिंती, बुटकी बाकं, दारावर माझं नाव. एका हट्टी म्हाताऱ्याच्या स्वल्पविरामांपायी ती जाणार, या विचाराने मी पेटले होते. खडकीच्या बसमध्ये मी काय काय बोलायचं याची उजळणी केली. त्यातलं बरंचसं वडीलधाऱ्या माणसाशी बोलण्यासारखं नव्हतं.

स्टेशनजवळच्या एका जुन्या इमारतीत पहिल्या मजल्यावर काका राहायचे. दार उघडंच होतं. मी उंबऱ्याशी उभी राहिले आणि तोंडातून आपसूक निघून गेलं, “टक टक. आत येऊ का?”

आतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. काका बाहेर आले, मला पाहून गोंधळले, मग त्यांचा चेहरा फुलला. “या बाई, या. चप्पल...”

“काढली आहे.”

ते हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं, आणि बसमध्ये केलेली निम्मी उजळणी तिथेच वाया गेली.

खोली लख्ख होती. देव्हारा नव्हता, पुस्तकांचं एक कपाट होतं आणि त्याच्यावर एका बाईंची हार घातलेली तसबीर. खिडकीपाशी टेबल, टेबलावर संगणक, संगणकावर आमची फाइल उघडी. टेबलाशी खुर्च्या मात्र दोन होत्या, शेजारी शेजारी. एकीवर काका बसत असणार. दुसरीवर उशी होती आणि ती उशी कुणी बसल्यासारखी दिसत नव्हती.

काकांनी स्वतः चहा केला. मी कप हातात घेतला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं. रुचाचं रडणं, माझी शाखा, बाहेरून येणारी दुसरी बाई. “काका, उद्या हे गेलं नाही तर माझं गेलं. चूक कुठे आहे ते एकदाच सांगा. मी इथे बसून दुरुस्त करते.”

काकांनी आपला कप टेबलावर ठेवला. “चूक नाही, बाई. माल चांगला आहे.”

“मग?”

त्यांनी तसबिरीकडे हात केला. “ही शालन. हिनं पण हेच घेतलं होतं, बी.ए. दूरशिक्षणच. तेव्हा धडे पोस्टानं यायचे. पोस्टमन आला की धावत खाली जायची. स्वयंपाक आवरला की ह्या टेबलाशी बसायची आणि मला म्हणायची, अहो, नुसते बसा ना इथे, मी वाचते. मी म्हणायचो, मला त्यातलं काय कळतंय? मी बसून काय करू? आणि खाली कॅरम खेळायला जायचो.”

मी तसबिरीकडे पाहिलं.

“दोन वर्षं केली तिनं, एकटीनं. तिसऱ्या वर्षी पुस्तकं बांधून माळ्यावर टाकली. मी विचारलं, का गं, बरं चाललं होतं की. तर म्हणाली, एकटीला नको वाटतं हो.” काकांनी चष्मा काढून पुसला. “शेडमध्ये उभ्या जन्मात मी एक माणूस एकटं सोडलं नाही, बाई. आणि घरात हे.”

बाहेरून गाडी गेल्याचा आवाज आला. काकांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“ती गेल्यावर मी नाव घातलं. म्हटलं, तिचं राहिलेलं तिसरं वर्ष तरी करू. तर हे लोक म्हणाले, आधीची दोन तुमची तुम्हाला करावी लागतील.” ते किंचित हसले. “केली. काही कळलं, काही नाही. मग ही फाइल आली. तुम्ही दुपारी एकट्या बसता, ती पोरगी ड्यूटी करून थकून बसते, प्रमोद दुकान बंद केल्यावर बसतो. मला वाटलं, ह्यांच्याजवळ बसायला तर जमेल. त्याला काही कळावं लागत नाही.”

“मग बटण का दाबत नाही, काका?”

“दाबलं की शेड बंद. तुम्ही जाल आपापल्या कामाला. जायलाच पाहिजे. पण मी मग कुणाजवळ बसू?”

मला रडू आलं. चांगलं धडधडीत रडू आलं, पदराने डोळे पुसावे लागले. भांडायला गेलेल्या बाईची ही अवस्था. काकांनी ते पाहिलं नाही असं दाखवलं आणि कप विसळायला आत गेले. परत आले ते शर्टाचं वरचं बटण लावून.

“या, बाई. इथे बसा.” त्यांनी उशीची खुर्ची ओढून दिली. “हे एकट्यानं करायचं नाही.”

मी शालनकाकूंच्या खुर्चीवर बसले. काकांनी प्रकल्प पहिल्यापासून शेवटपर्यंत पुन्हा एकदा वाचला, ओळीवर बोट ठेवून. मेथीच्या मावशींपाशी थांबून त्यांनी मान डोलावली. रॉकेटपाशीही. मग सगळ्यात शेवटी ‘पास’ असं लिहिलं, माझ्याकडे पाहिलं, मी हो म्हटलं आणि त्यांनी बटण दाबलं. फाइलीवर कुलपाचं चिन्ह आलं आणि लुकलुकणारी रेघ गेली.

आम्ही चौघंही पास झालो. रुचा टीम लीड झाली. प्रमोदने दुकानात पाटी लावली, ‘मालक पदवीधर आहेत. घासाघीस करून त्यांचा वेळ घेऊ नये.’ मला शाखा मिळाली. काकांनी गटावर एकच फोटो टाकला, शालनकाकूंच्या तसबिरीपुढे ठेवलेली गुणपत्रिका. सगळ्यांनी टाळ्यांची, फुलांची चित्रं पाठवली आणि मग गट शांत झाला, होतो तसा. अधूनमधून मी ती जुनी फाइल उघडायची. कुलूप असायचं. वरची ओळ रिकामी असायची. आणि मला खडकीच्या त्या टेबलाशी मांडलेल्या दोन खुर्च्या आठवायच्या.

शाखेचं बस्तान बसलं तसं मी एम.ए.ला नाव घातलं. एका रविवारी दुपारी घर पेंगत असताना जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडून बसले. पहिलं पान तीनदा वाचलं आणि तीनदा विसरले. मग लॅपटॉप उघडला, एक कोरी फाइल तयार केली, तिला ‘शेड नंबर दोन’ असं नाव दिलं आणि काकांना लिंक पाठवली. सोबत लिहिलं, ‘काका, मी पुढचं शिकायला घेतलंय. फाइलीत काम काही नाही. मी नुसती वाचत बसणार आहे.’

उत्तर आलं नाही. रविवारची दुपार, झोपले असतील, असं म्हणून मी पुस्तकात डोकं घातलं. एक धडा झाला. दुसरा लागला, आणि या खेपेला वाचलेलं डोक्यातही राहत होतं. पान उलटताना सहज मान वर केली, तर कोऱ्या फाइलीच्या पहिल्या ओळीवर हिरवी रेघ उभी होती. कधीची होती कोण जाणे. टक टक नव्हती, वाघमारे, खडकी नव्हतं, काही नव्हतं.

मी लिहिलं, ‘काका, आज दार नाही वाजवलंत?’

रेघ हलली. मग एकेक अक्षर उमटत गेलं.

‘तुम्ही वाचा. मी बसलोय.’